हातघडणीची सुरी आणि कोयता (नाशिक)

पोलाद भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून, त्याला पाणी देऊन (म्हणजे तापलेले एकदम बुडवून कडक करून) आणि शेवटी धार काढून केलेले पाते, आणि ते घडवणाऱ्या लोहाराचा धंदा, असे दोन्ही या नोंदीत येते. नाशिक जिल्ह्यात नुसते चाकू करणारा असा वेगळा कारागीर परंपरेने नव्हता. लोहार नांगराचा फाळ करी, वखराची पास करी, खुरपी-विळे करी. सवड मिळाली की त्याच भट्टीतून विळीचे पाते, अडकित्ता, घरातली सुरी निघे. सुरी हा त्याच्या लेखी किरकोळ माल. ट्रॅक्टर आले आणि फाळ कारखान्यातून येऊ लागला, तसे लोहाराच्या हाती मुख्यतः कापण्याची हत्यारे उरली.

नाशिकचे नाव झाले ते तांब्यापितळेने. तांबट लेन आणि भांडी बाजार अजून त्याची साक्ष देतात. लोखंडाला ते भाग्य लाभले नाही. पितळी घागर रुखवतात मिरवते, विळा झिजला की भंगारात जातो. त्यामुळे लोहाराचे जुने काम दाखवायला शिल्लकच राहत नाही. लोखंड मात्र या गावात नवे नव्हे. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०–५१ मध्ये गोदावरीकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले, तेव्हा तिथल्या प्राचीन थरांत लोखंडी वस्तू मिळाल्या होत्या.

गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर शेतकऱ्याची अवजारे नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, असा व्यवहार. त्याच्या जोडीला घिसाडी, म्हणजे फिरते लोहार. गावाबाहेर पाल ठोकून दोन-चार दिवस भट्टी लावायची आणि पुढच्या गावाला निघायचे. घिसाड्यांमध्ये घण बाई मारते. नवरा बसून सांडशीत तापलेला तुकडा धरतो आणि हातातल्या लहान हातोडीने जागा दाखवतो. हातोडी जिथे टेकली तिथेच पुढचा घण पडला पाहिजे. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचे. तासन्‌तास शब्द न बोलता काम चालते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात आणि तालुक्यांच्या आठवडे बाजारांत विळे, खुरपी, कोयते जमिनीवर मांडून विकले जातात.

पोलाद बहुधा भंगारातून येते, आणि त्यात कमीपणा काही नाही. ट्रकच्या कमानीतले पाटे कोयत्याला सर्वांत पसंत. त्यात कर्बाचे (कार्बनचे) प्रमाण साधारण ०.५ ते ०.६ टक्के असते. पाते लवचिक राहते, दगडावर बसले तरी सहसा तुटत नाही. बेअरिंगच्या पोलादात कर्ब १ टक्क्याच्या आसपास. त्याची धार जास्त टिकते, पण घडवायला ते हट्टी. जुनी कानस आणि लोखंड कापायच्या यंत्राची मोठी ब्लेड यांच्याही सुऱ्या होतात. ब्लेडला मात्र भट्टी दाखवत नाहीत. घासून आकार द्यायचा आणि मूठ बसवायची. बांधकामाची सळई या कामाला निरुपयोगी. तिच्यात कर्ब इतका कमी की कितीही तापवून बुडवली तरी ती मऊच राहते. ओळखायची सोपी रीत म्हणजे ग्राइंडरला तुकडा लावून ठिणगी बघणे. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ रेघा मारतात. कर्ब असलेल्या पोलादाची ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते.

घडाई दिसायला भारी, पण पुष्कळशी मेहनतीची बाब आहे. पाटा लाल करून छिन्नीने तोडायचा, ठोकून लांबवायचा, धारेकडे पातळ करत न्यायचा. एका बाजूने ठोकले की पाते तलवारीसारखे वाकत जाते, म्हणून ते आधीच उलट्या बाजूला थोडे वाकवून ठेवतात. पूर्वी हाताचा भाता होता, आता विजेचा ब्लोअर. लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा स्वच्छ जळतो. दगडी कोळशात गंधक असते, पण आच जोरदार मिळते.

खरी परीक्षा पाण्याची. मराठीत ‘पाणी देणे’ एवढ्या दोन शब्दांत जे बसते, ते समजून घेतल्याशिवाय चांगली आणि वाईट सुरी यांतला फरक कळत नाही. भट्टी सावलीत, जरा अंधारातच असते, कारण उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही. पाते डाळिंबी लाल झाले की लोहार त्याला लोहचुंबक लावून बघतो. सुमारे ७७० अंश सेल्सियसला लोखंडाचे चुंबकत्व जाते. चुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडी आच देऊन पाते बुडवायचे. पाटा थेट थंड पाण्यात गेला तर तडकण्याची भीती असते. बारीक ‘टिक’ असा आवाज येतो, आणि तासाभराची मेहनत भंगारात. म्हणून जाणकार जळके इंजिन ऑइल वापरतात, किंवा पाण्यात फक्त धारेकडची बोटभर पट्टी बुडवतात.

बुडवून काढलेले पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. ते तसेच दिले तर पहिल्याच हाडाला किंवा गाठीला धारेचा टवका उडेल. म्हणून धारेजवळची काळी साल विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करतात आणि वाट बघतात. पाठीकडे उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग चढतात: आधी गवती पिवळा (२२० ते २३० अंश), मग तपकिरी, मग जांभळा (२७० ते २८०), शेवटी निळा (३०० च्या आसपास). भाजीच्या सुरीला पिवळ्यावर थांबवतात. कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ देतात, कारण त्याने घाव सोसायचा असतो. हवा तो रंग धारेला टेकला की पाते पुन्हा पाण्यात. हा खेळ काही क्षणांचा आहे. गिऱ्हाईक नेमके त्याच वेळी भाव विचारते, आणि लोहार उत्तर देत नाही तो उद्धटपणाने नव्हे.

धार काढताना हीच कमाई हातची जाऊ शकते. जुनी साण, म्हणजे धार लावायचे चाक, लाख आणि कुरुंदाच्या भुकटीची, हाताने फिरवायची. ती पाते तापू देत नसे. विजेच्या ग्राइंडरवर पातळ धार क्षणात निळी पडते, आणि निळी पडली की तिथले पाणी उतरले. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून चांगली सुरी बिघडून येते ती बहुतेक याच कारणाने. ओल्या दगडावर हाताने घासणे वेळखाऊ, पण निर्धोक.

मूठ बाभळीची किंवा शिसवीची. पात्याची निमुळती शेपटी लाल करून लाकडात जाळत बसवतात. वर शेंबी (धातूचे कडे) चढवतात, म्हणजे लाकूड फाटत नाही.

आकार कोण ठरवतो, तर पीक. निफाड, येवला, चांदवड या भागांत उन्हाळ कांदा चाळीत भरण्याआधी त्याची पात कापतात, ती मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून. उघडा कापला तर कांदा सडतो. त्या कामाला लहान, हलका विळा लागतो, कारण दिवसभर बायकांच्या हातात तो हजारो वेळा फिरतो. द्राक्षबागेत छाटणी आणि विरळणी कारखान्यातल्या कात्रीने होते, तिथे लोहाराला जागा उरली नाही. मात्र जंगली खुंटावर पाचर कलम करणाऱ्याला एकाच बाजूने धार असलेला चाकू हवा असतो: दुसरी बाजू सपाट राहिली तरच काप सपाट येतो आणि साल सालीला भिडते. उसाचा कोयता रुंद आणि वजनदार, कारण ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे हत्याराच्या नावाने मोजली जातात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडच्या तालुक्यांत भातरोपांच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकायची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडतात. तिथल्या कोयत्याला आत वळलेली चोच असते आणि तो कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवून नेतात. एकच लोहार हे सगळे नमुने करत नाही. पेठच्या माणसाला निफाडचा कोयता हातात बोथटच वाटतो.

कर्बयुक्त पोलादाची सुरी कांदा-लिंबाने काळी पडते. नव्या गिऱ्हाइकाला तो दोष वाटतो. तो दोष नव्हे. खराब करतो तो गंज, आणि तो टाळायला वापरून झाल्यावर सुरी पुसून कोरडी ठेवणे आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवणे पुरते. झिजलेले हत्यार टाकून न देता ‘शेवटून’ घेण्याची, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला आणण्याची रीत अजून आहे, आणि खेड्यातल्या लोहाराला नव्या मालापेक्षा या शेवटण्याचाच आधार असतो. घरगुती आणि शेतीची हत्यारे १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र मानली जात नाहीत. ती सोडून इतर, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना निर्बंध लागू होतात. कोयता घेऊन दहशत माजवल्याच्या बातम्या आल्या की नजर मात्र लोहाराच्या पालावरही जाते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आहे; अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची तरतूद.

खंडेनवमीला घण, सांडशी, कानस धुऊन-पुसून मांडतात. ऐरणीला हळदकुंकू, झेंडूचे फूल. त्या दिवशी भट्टी पेटत नाही, ऐरणीवर घाव पडत नाही. विळा शेवटायला कोणी आलाच तर तो ठेवून घेतात आणि दसरा झाल्यावर न्यायला या म्हणून सांगतात.