वर्षाचा रंग आणि घराची भिंत : पार्श्वभूमी

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास येत्या वर्षाचा रंग जाहीर होतो आणि थोड्याच दिवसांत त्या छटेचे अभ्रे, गालिचे, पडदे दुकानांत दिसू लागतात. हा क्रम १९९९ मध्ये सुरू झाला. एका अमेरिकी कंपनीने २००० सालासाठी आकाशी निळ्याची एक छटा निवडली. ही कंपनी भिंतीचा रंग बनवणारी नव्हे. छटांना क्रमांक देणे आणि त्यांची नमुनापुस्तके विकणे हा तिचा मूळ धंदा. १९६३ मध्ये तिने छपाईच्या शाईसाठी क्रमांकपद्धती आणली ती एवढ्यासाठी, की एका छापखान्यात ठरलेला लाल दुसऱ्या छापखान्यातही तसाच उतरावा. कापड आणि गृहसजावट तिच्या कक्षेत नंतर आली.

पुढच्या हंगामाचे रंग आधी ठरवायची रीत मात्र याहून जुनी आहे, आणि ती कापडवाल्यांची आहे. १८५६ मध्ये लंडनमधला १८ वर्षांचा एक विद्यार्थी क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. पहिल्या कृत्रिम रंगांपैकी हा एक. मुळे, पाने, किडे यांवरची भिस्त कमी होत गेली आणि हंगामागणिक रंग बदलणे गिरण्यांना परवडू लागले. पॅरिसहून येणाऱ्या नमुनापत्रांवर जगभरचे व्यापारी विसंबत. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा अमेरिकी कापड व्यापाऱ्यांनी स्वतःची संघटना काढून स्वतःचे छटापुस्तक तयार केले. सूत रंगवणारा, विणणारा, गुंड्या करणारा आणि शिवणारा यांचे रंग जुळायचे, तर निर्णय माल दुकानात येण्याच्या बराच आधी व्हावा लागतो, साधारण दोन वर्षे आधी. आजही जे 'ट्रेंडिंग' म्हणून समोर येते, त्यातले बरेचसे असे आधी ठरलेले असते. लोकांना काय आवडू लागले आहे याचा अंदाज आणि लोकांपुढे काय ठेवायचे याचा निर्णय, दोन्ही त्यात मिसळलेले असतात.

घराची गती वेगळी होती. डब्यातला तयार रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळणारे, लवकर वाळणारे रंग आणि रोलर घरोघर पोहोचले, तेव्हा कुठे रंगाऱ्याला न बोलावता खोलीचा रंग बदलणे शक्य झाले. सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत शेवाळी हिरवा आणि मोहरी पिवळा यांची लाट आली. फ्रिज आणि शेगड्यासुद्धा त्याच रंगांत मिळत. लाट ओसरली तरी फ्रिज चालूच राहिले आणि लोकांना नकोसा झालेला रंग वर्षानुवर्षे पाहावा लागला. टिकाऊ वस्तू पांढऱ्या, काळ्या किंवा स्टीलच्या घ्याव्यात आणि रंगाची हौस बदलता येणाऱ्या कापडावर भागवावी, हा आजचा सल्ला त्या अनुभवाशी थेट जोडलेला आहे. मला तो अजूनही सर्वात शहाणा वाटतो.

वार्षिक घोषणेवर वाद पूर्वीही झाले. २०१६ मध्ये पहिल्यांदाच एकाऐवजी दोन छटा निवडल्या गेल्या, फिका गुलाबी आणि फिका निळा. २०१९ चा प्रवाळी रंग समुद्रातली प्रवाळे मरत असताना निवडल्याबद्दल टीका झाली. २०२२ साठी तर यादीतली छटा न घेता निळ्या-जांभळ्याची नवीनच छटा तयार करण्यात आली. पण २०२६ साठीच्या निवडीने उठवलेले वादळ अधिक मोठे होते, कारण निवडलेला रंग पांढरा होता. या घोषणा सुरू झाल्यापासून पांढऱ्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

निवडणाऱ्यांची बाजू अशी, की गोंगाटाने थकलेल्या माणसांना शांतता आणि नवी सुरुवात हवी आहे. टीका दोन दिशांनी आली. वंश आणि वर्ण यांवरून समाज तापलेला असताना पांढऱ्याचा गौरव करणे काहींना असंवेदनशील वाटले. इतरांचे म्हणणे साधे होते: हा रंग निवडलेला नाही, निवड टाळलेली आहे.

घर सजवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही आक्षेपांत मुख्य अडचण नजरेतून निसटते. असंख्य घरांच्या भिंती आधीच पांढऱ्या किंवा पांढुरक्या आहेत, तेव्हा घराला ताजेपणा आणायला हा रंग फारसे काही देत नाही. शिवाय निवडायला सर्वात अवघड रंग पांढराच. त्यात किंचित पिवळ्याची, निळ्याची किंवा करड्याची झाक असते. पिवळसर दिव्याखाली तो साईसारखा दिसतो, उत्तरेच्या उजेडात थंड पडतो, शेजारच्या हिरव्या सोफ्याची छाया अंगावर घेतो. जाहीर झालेली छटा उबदार आणि थंड यांच्या मधली आहे असे सांगितले गेले, पण घरातल्या उजेडात हा समतोल टिकतोच असे नाही.

त्याखालची तांत्रिक बाब घोषणेच्या बातम्यांत क्वचितच येते. सजावटीसाठीच्या छटांचे प्रमाणित नमुने सुती कापडावर किंवा लेप दिलेल्या कागदावर असतात. रंगाच्या दुकानात यंत्र त्या छटेच्या जवळचे मिश्रण स्वतःच्या बेसमध्ये, म्हणजे छटा न घातलेल्या मूळ रंगात, स्वतःची रंगद्रव्ये घालून बनवते. दिवसाउजेडी जुळलेले हे दोन पृष्ठभाग एलईडीखाली वेगळे दिसू शकतात, कारण रंगद्रव्ये वेगळी असली की ती प्रकाश वेगळ्या प्रकारे परतवतात. म्हणून 'तोच पांढरा' भिंतीवर आणि पडद्यावर एकत्र आणणे गडद हिरवा जुळवण्यापेक्षा जिकिरीचे ठरते. पांढऱ्यात झाकेतला लहानसा फरकही लगेच डोळ्यांत येतो.

भिंतीचे रंग बनवणाऱ्या कंपन्या दरम्यान आपापले वार्षिक रंग जाहीर करू लागल्या आहेत आणि त्यांचे एकमत नसते. त्याच २०२६ साठी एकीने खाकी निवडला, दुसरीने कोळशाकडे झुकणारा गडद तपकिरी, तिसरीने निळीच्या तीन छटा. या निवडींना माझ्या मते अधिक वजन द्यावे, कारण ज्या पृष्ठभागावर रंग लागणार त्याचाच विचार करून त्या केलेल्या असतात.

याच काळात भिंत, चौकटी, दारे आणि छत सगळे एकाच छटेत रंगवण्याची पद्धत रूढ होत गेली. खोल हिरवे आणि मातकट तांबडे तिच्यात विशेष चालले. अभ्रे बदलून मोसम साधण्याच्या सल्ल्याच्या ही अगदी उलट आहे. अशी खोली केलेल्यांना आता पांढऱ्याकडे यायचे असेल, तर आधी झाकणारा प्रायमर लागेल आणि वर निदान दोन हात. लाकडावरचा रंग चकचकीत असेल, तर त्याआधी सगळ्या चौकटी पॉलिशपेपरने घासून काढाव्या लागतील.