वैरण कुणाला, पेंड कुणाला?

मागच्या उन्हाळ्यात वाळव्याहून मामा आले आणि आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरातल्या माशांच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. टाकीत मलावी सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे मासे: काही निळ्या-काळ्या पट्ट्यांचे, काही पिवळेधमक. मामांनी खाद्याचा डबा उघडून हुंगला, चार दाणे तळहातावर चुरडले आणि म्हणाले, “ह्यात वैरण कुठाय? ही नुसती पेंड हाय.” मी डब्यावरचा आकडा दाखवला, प्रथिनं ४८ टक्के. त्यावर ते म्हणाले, “म्हशीला नुसती पेंड घातल्यावर काय हुतंय, ठावं हाय न्हवं?”

ठाऊक होतं. पोट फुगतं. त्याच आठवड्यात माझा एक निळा मासा टम्म पोट घेऊन कोपऱ्यात उभा होता. दाण्यांकडे बघत नव्हता, आणि मागे पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. पाळणारे लोक याला ‘मलावी ब्लोट’ म्हणतात. दोष एकट्या खाद्याचा नसतो. टाकीतली गर्दी, मारामारीचा ताण, आतड्यातले सूक्ष्म परजीवी हेही त्यात येतात. म्हशीच्या पोटाची रचना वेगळी, माशाची वेगळी. पण मामांचा प्रश्न अगदी नेमका होता: हा प्राणी मूळचा काय खातो?

सिक्लिड हे फार मोठं कुळ आहे, नोंद झालेल्याच जाती १,७०० हून अधिक. आपल्याकडच्या मासळी बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, याच कुळातली. ती १९५२ मध्ये आफ्रिकी वाणाच्या रूपानं भारतात आणली गेली. केरळचा करीमीनही सिक्लिडच. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात तर या कुळाच्या शेकडो जाती आहेत. कुणी दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुणी वाळू चाळून किडे वेचतो, कुणी दुसऱ्या माशांची पिल्लं गिळतो. शेजारच्या टांगानिका सरोवरात काही जाती चक्क दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून जगतात.

हे सगळं एकाच कुळाला जमतं, कारण सिक्लिडच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. पुढच्या जबड्यानं पकडायचं, घशातल्या जबड्यानं दळायचं. पुढचा जबडा चावण्याच्या कामातून मोकळा झाल्यामुळे त्याला वाट्टेल तो आकार घेता आला.

माझा मेलेला निळा मासा ‘मबुना’ गटातला होता, म्हणजे खडकात राहणारा. या गटातल्या बहुतेक माशांचे दात कंगव्यासारखे, शेवाळ खरवडायला बनलेले, आणि आतडं लांबलचक, वेटोळी घातलेलं. निकस, चोथ्याचं अन्न दिवसभर थोडंथोडं खायचं आणि सावकाश पचवायचं, अशी ती सोय. शिकारी माशाचं आतडं याउलट आखूड असतं.

“पण माझे मासे तर हे पेंडीसारखे दाणेच आवडीनं खातात!” हे मीही म्हणायचो. कॅरेल लीम या शास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवून दिलं की अतिशय विशेष दात-जबडे असलेले सिक्लिडसुद्धा सोपं, सकस अन्न समोर आलं की आधी त्यावरच तुटून पडतात. खास हत्यार अडचणीच्या दिवसांसाठी असतं. सरोवरात असं अन्न क्वचित मिळतं. टाकीत ते आपण दिवसातून दोनदा टाकतो. म्हणून मासा आवडीनं खातो, हा खाद्य योग्य असल्याचा पुरावा नाही.

मग डबा कसा वाचायचा? मोठ्या अक्षरातला प्रथिनांचा आकडा मी आता शेवटी बघतो. तो नत्र मोजून आणि त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. प्रथिनं कशातून आली, पचतील का, हे तो सांगत नाही. स्पिरुलिना शेवाळातही वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, तेव्हा ‘शाकाहारी दाणा म्हणजे कमी प्रथिनांचा’ हेही खरं नाही. खरी माहिती घटकांच्या यादीत असते, कारण चांगल्या डब्यावर ते वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. मबुनांसाठी स्पिरुलिना, शेवाळ, भाजीचे घटक वरच्या ओळीत हवेत. डब्यावर हिरवं चित्र आणि यादीत स्पिरुलिना शेवटून दुसरी, असा दाणा मी घेत नाही. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न हे मांस खाणारे सिक्लिड पाळत असाल तर फिशमील (माशांची भुकटी), झिंगे वर हवेत. तिथं गहू आणि सोयापेंडच पहिली असेल तर पैसे पिठाला दिले असं समजा. पिवळा लॅब, म्हणजे टाकीतला तो पिवळाधमक मासा, हाही मबुनाच, पण तो किडे टिपणारा. तो आणि शेवाळ खाणारे मबुना एकत्र असतील तर मी शेवाळ खाणाऱ्यांचं पोट सांभाळतो. पिवळ्याला हिरव्या दाण्यानं काही बिघडत नाही. मटणाचा खिमा मात्र कुणालाच नको.

दाणा माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नसावा. तरंगणारा घेतला तर किती खाल्लं आणि किती उरलं ते दिसतं.

जास्त प्रथिनांचा हिशेब पाण्यालाही चुकवावा लागतो. ४५ टक्के प्रथिनांच्या १० ग्रॅम दाण्यात सुमारे ०.७२ ग्रॅम नत्र असतं, आणि त्यातलं बरंचसं कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन टाकीत उतरतं. आमच्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. मलावीच्या माशांना ते मानवतं, पण अशाच पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून दोन मिनिटांत संपेल इतकंच टाकायचं, आणि आठवड्यातून एक दिवस दाण्यांचा उपास.

सुट्टे दाणे मी बंद केले. दुकानातल्या उघड्या बरणीत माशाचं तेल हवेनं खवट होतं, क जीवनसत्त्व उडून जातं, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. एके काळी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं कोरडी ठेवणाऱ्या आमच्या मुलखाला साठवणीचं मोल वेगळं सांगायला नको. दोन महिन्यांत संपेल एवढा छोटा डबा, घट्ट झाकणाचा, आणि उघडल्या उघडल्या एकदा हुंगायचा, मामांसारखा.

उपासाच्या दिवसासाठी गच्चीवर उन्हात पाण्याची एक बादली ठेवली आहे, तिच्यात नदीचे चार गोटे. पंधरा दिवसांत त्यांच्यावर हिरवा मखमली थर चढतो. रविवारी त्यातला एक टाकीत सोडला की निळे मासे तिरके होऊन त्यावर तोंडं घासू लागतात, आणि दुपारपर्यंत दगडावर बारीक, पांढुरक्या रेघाच रेघा उमटलेल्या असतात.