छाटलेली लहर, उशिरा आलेली लहर

१९६१ साली अमेरिकेत 'डोन्ट वरी' नावाचं गाणं गाजलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलमध्ये बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन यांची बास गिटार गांधीलमाश्यांचं मोहोळ उठावं तशी घोंघावत बाहेर आली. तो तुकडा गाण्यात तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे हाच बिघाड हुकमी घडवणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं: गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी, म्हणजेच पेडल.

गिटारची तार पिकअपसमोर, म्हणजे तिची थरथर विजेत उतरवणाऱ्या चुंबकी वेटोळ्यासमोर, थरथरते, तसाच विद्युतदाबही थरथरतो. फझ किंवा डिस्टॉर्शनचं पेडल आधी तो भरमसाट वाढवतं आणि मग ठरावीक उंचीवर छाटतं. छाटणी बहुतेकदा डायोडकडे, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाकडे, असते. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो, की लहरीचं शिखर सपाट. गोलसर लहरीला असे कोपरे फुटले की मुळात नसलेले स्वर जन्मतात. ११० हर्ट्झची शुद्ध लहर वरून-खालून सारखीच छाटली, तर ३३०, ५५०, ७७० हर्ट्झही त्यात येऊन बसतात. आवाजाला चढलेली धार ती हीच.

दोन तारा एकदम छेडल्या की मामला आणखी रंगतो. पेडल मग त्या दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकवू लागतं. षड्ज ११० आणि पंचम १६५ घेतला, तर वजाबाकी ५५: नेमका खालच्या सप्तकातला षड्ज! बेरीज २७५, तीही ५५ च्याच पटीत. न वाजवलेला खर्ज फुकटात मिळतो. पंचमाऐवजी गिटारवरचा गांधार, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ, घेतला तर वजाबाकी येते २८.६. हा आकडा कुणाशीच जुळत नाही, आणि कानाला गढूळ खरखर लागते. रॉकवाले गांधार गाळून नुसत्या षड्ज-पंचमाचा 'पॉवर कॉर्ड' वाजवतात, त्यामागे हे अंकगणित आहे.

वाह-वाह पेडल त्यामानाने साधं. ते स्वरांचा एक पट्टा उचलून धरतं आणि पायाच्या हालचालीबरोबर तो वर-खाली सरकवतं. 'ऊ'चा 'आ' करताना आपलं तोंडही तेच करतं.

डिले (पडसाद उमटवणारं पेडल), फ्लँजर आणि कोरस ही मंडळी वेळेशी खेळतात. मूळ आवाजात १ मिलिसेकंद उशिरा आलेली त्याचीच प्रत मिसळली, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झचे घटक एकमेकांना खोडून टाकतात. हा उशीर सतत कमी-जास्त केला की त्या खाचा सरकत राहतात आणि फ्लँजरचा तो जेट विमानासारखा 'सूंऽऽ' ऐकू येतो. कोरसमध्ये उशीर जास्त, २०-३० मिलिसेकंदांचा. तोही हलता असल्याने प्रतीचा सूर किंचित चढतो-उतरतो आणि एक गिटार दोन असल्याचा भास होतो. संगणकी चिप स्वस्त होण्याआधी हा उशीर 'बकेट ब्रिगेड' चिपमधून मिळे. हे तंत्र १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीत जन्मलं. रांगेतल्या माणसांनी बादल्या पुढे द्याव्यात तसा विद्युतभार शेकडो कपॅसिटरांमधून, म्हणजे भार साठवणाऱ्या भागांमधून, पुढे सरकायचा.

म्हणून पेडलांचा क्रम महत्त्वाचा. आधी फझ आणि नंतर डिले असेल तर प्रत्येक पडसाद सुटा ऐकू येतो. उलट लावलं, की नवा स्वर आणि जुने पडसाद एकाच छाटणीत सापडतात, त्यांच्याही बेरजा-वजाबाक्या होतात. शिवाय फझ दुबळा आवाजही उचलून छताला टेकवतो, त्यामुळे विरत जायचे ते पडसाद लवकर विरतच नाहीत.