अक्रोडाला खिळे ठोकून फळं येत नाहीत
अक्रोडाचं झाड फळत नसेल तर खोडात खिळे ठोका, काठीनं बडवा, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, पण प्लीज नका करू, त्या जखमेतून बुरशी आत शिरते. खरं कारण बहुतेकदा परागीकरण न होणं. एकाच झाडावर नर तुरे आणि मादी फुलं दोन्ही असतात, पण बऱ्याचदा एकाच वेळी तयार होत नाहीत, तुरे पराग सांडून मोकळे होतात आणि मादी फुलं नंतर उमलतात, किंवा उलटं, मग एकटं झाड काय करणार? पराग वाऱ्यानं येतो, त्यामुळे जवळपास वेगळ्या जातीचं दुसरं झाड हवं. आणि बियांपासून वाढवलेलं असेल तर 8-10 वर्षं थांबावंच लागतं, कलमी झाडाला फळं लवकर धरतात.