केकवरच्या खाद्य मूर्ती : माध्यमाची निवड

केकवर उभ्या करायच्या बाहुल्या, प्राणी, होड्या घडवण्यासाठी फॉन्डंट (मळून लाटता येणारा साखरेचा मऊ गोळा), गमपेस्ट (डिंक घातलेला, वाळून कडक होणारा साखरेचा गोळा), मॉडेलिंग चॉकलेट (ग्लुकोज घालून मळता येण्याजोगे केलेले चॉकलेट), मार्झिपान (बदामपूड आणि साखरेचा गोळा) आणि कुरमुऱ्यांचा गाभा ही माध्यमे मुख्यतः वापरली जातात. पुण्यात जी बाहुली दोन रात्रींत खडखडीत वाळते, तीच रत्नागिरीत श्रावणात चौथ्या दिवशीही बोटाला चिकटते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर माध्यमाची ताकद नंतर, आधी हवा बघावी लागते.

शुद्ध साखर 25 अंश सेल्सिअसला आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. फॉन्डंटमध्ये ग्लुकोज आणि ग्लिसरीन असते, म्हणून त्याला घाम त्याहून आधीच फुटतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर दिवसचे दिवस आर्द्रता 80 टक्क्यांच्या वरच राहते. गणपतीतल्या ऑर्डरी म्हणूनच सगळ्यात अवघड. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा त्यामानाने सोपी.

नुसता फॉन्डंट केक झाकण्यासाठी ठीक, उभ्या मूर्तीसाठी नाही. तो वाळताना हळूहळू बसतो आणि बाहुली बुटकी होते. त्यात सीएमसी किंवा टायलोज ही खाद्य डिंकाची पूड मळतात : 250 ग्रॅम फॉन्डंटला 1 सपाट छोटा चमचा, पावसाळ्यात दीड. मळून क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून निदान अर्धा तास ठेवावे, पूड पाणी शोषून फुगल्याशिवाय ताकद येत नाही. घाईने आणखी पूड घातली, तर गोळा रबरासारखा होतो आणि घडवताना चिरा पडतात. चिरा दिसल्यास बोटाला वनस्पती तूप लावून फिरवावे; पाणी लावले तर तो भाग चिकट होतो. पोळपाटावर भुरभुरायला आयसिंग शुगरऐवजी कॉर्नफ्लोअर घ्यावे, तेही पातळच.

गमपेस्टमध्ये हा डिंक आधीच भरपूर असतो. ती पातळ लाटता येते आणि चिनीमातीसारखी कडक होते. पदराच्या चुण्या, माशांचे पर, होडीचे वल्हे यांना तीच हवी. मात्र जाड गोळा वरून वाळतो, आत ओला राहतो. धडासाठी फॉन्डंट आणि गमपेस्ट समसमान मळणे हा बहुतेकांचा मध्यममार्ग.

उदाहरणार्थ, 10 सेंटीमीटर उंचीची कोळीण. धडासाठी 70 ग्रॅमचा शंकू करून तो स्पंजवर रात्रभर ठेवावा, म्हणजे खालूनही हवा लागते. धड अर्धे वाळल्यावरच त्यात कच्च्या स्पॅगेटीची काडी खोचावी. ओल्या गोळ्यात ती नरम पडून मान कलते. शेवयांची काडी बारीक पडते. डोके 15 ग्रॅमच्या वर नको आणि डोक्यावरची टोपली भरीव तर नकोच : बाटलीच्या बुचावर पातळ गमपेस्ट दाबून ती पोकळ करावी. हात सर्वांत शेवटी. चिकटवायला पाव छोटा चमचा सीएमसी 30 मिलीलिटर पाण्यात रात्रभर भिजवलेला डिंक पुरतो. तो थेंबभरच लावावा, जास्त लावला की हात खांद्यावरून ओघळतो. बांबूची काडी घातली असेल, तर घरच्यांना सांगितलेच पाहिजे. मूर्ती हमखास लहान मुलाच्या हातात जाते.

पावसाळ्यात मॉडेलिंग चॉकलेट सरस, कारण त्यातली साखर चरबीत लपेटलेली असते. 200 ग्रॅम पांढरे कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचे) वितळवून कोमट करावे, त्यात 50 ग्रॅम कोमट लिक्विड ग्लुकोज घालावे आणि मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागताच हात थांबवावा. गडद चॉकलेटला ग्लुकोज जास्त लागते, 200 ग्रॅमला 90 पर्यंत. फार घोटले की तेल सुटते. सुटलेच तर फेकू नये, रात्रभर ठेवून तेच तेल परत मळून घ्यावे. याचा वैरी उकाडा : खऱ्या कोको बटरचे चॉकलेट 34 अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच लोळागोळा होते. मे महिन्यात वीज गेली की कोळीण बसलीच. म्हणून तेव्हा कंपाउंडच बरे, चवीला कमी असले तरी.

मार्झिपान मूळचे बदामाचे; गोव्यात आणि वसईत नाताळ-ईस्टरला काजूचेही करतात. काजूपूड आणि साखर समभाग. काजू साखरेसोबत थांबून थांबून फिरवावेत, एकसारखे वाटले की तेल सुटून गोळा फुटतो. चवीत याला तोड नाही, पण उंच मूर्ती पेलत नाही. 4-5 सेंटीमीटरची फळे, मासे, शिंपले एवढीच याची मर्यादा.

मोठ्या होडीचा किंवा बैलाचा गाभा मात्र कुरमुऱ्यांचाच, कारण तो हलका असतो. 100 ग्रॅम मार्शमेलो चमचाभर लोण्यात वितळवून 60 ग्रॅम कुरकुरीत भाजलेले कुरमुरे घालावेत, गरम असतानाच हाताला तूप लावून गच्च दाबावेत आणि वरून चॉकलेटचा हात द्यावा. मार्शमेलोत बहुधा जिलेटीन असते. शाकाहारी घरी चिक्कीच्या गुळाचा पक्का पाक घ्यावा.

आपल्याकडचे बरेचसे केक व्हिप्ड क्रीमचे असतात आणि मूर्ती कोसळते ती बहुधा पायाकडून : साखर क्रीममधले पाणी ओढते, पाय विरघळतात. तळव्यांना वितळलेल्या चॉकलेटचे दोन हात देऊन मूर्ती गमपेस्टच्या वाळलेल्या चकतीवर उभी करावी. चकतीखाली क्रीममध्ये तीन-चार जाड स्ट्रॉ केकच्या उंचीएवढे कापून खोचावेत. मूर्ती फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि रंग ओघळतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. न वाळलेली मूर्ती हवाबंद डब्यात आतल्या आत घामेजते. आंबोली किंवा कशेडीच्या वळणांवरून केक न्यायचा असेल, तर ती वेगळीच न्यावी, हॉलवर पोचल्यावर वितळलेल्या चॉकलेटने बसवावी, आणि सोबत त्याच रंगाचा लिंबाएवढा गोळा, डिंक आणि स्पॅगेटीच्या चार काड्या असू द्याव्यात.