कापसाची ट्रॉली कधी कलंडते?

दिवाळीच्या पुढेमागे खान्देशातल्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. फाळक्यांच्या वर दांडे बांधलेले आणि त्यांच्याही वर पांढरा ढीग. कापूस हलका, त्यामुळे वजन भरायचं तर ढीग उंच करावाच लागतो. खरा धोका या उंचीत आहे.

वस्तूचं सगळं वजन ज्या बिंदूत एकवटलंय असं धरता येतं, तो गुरुत्वमध्य. वस्तू किंचित कलली की हा बिंदू वर जातो का खाली येतो, यावरून संतुलनाचा प्रकार कळतो. घरातलं मुसळ सपाट टोकावर उभं करा. जरासं कललं की त्याचा गुरुत्वमध्य थोडा वर उचलला जातो, म्हणून सोडताच ते पूर्ववत उभं राहतं: हे स्थिर संतुलन. कलता कलता ते तळाच्या कडेवर तोललं गेलं की गुरुत्वमध्य सर्वांत उंचावर असतो. तिथून कुठेही हललं तरी तो खालीच येणार, म्हणून हे अस्थिर संतुलन. आडवं मुसळ लोळवलं तर उंची बदलतच नाही. ते उदासीन संतुलन.

ट्रॉलीचंही असंच. गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला तर तो डाव्या-उजव्या चाकांच्या मधेच पडायला हवा. समजा, दोन्ही बाजूंच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर असेल, तर ट्रॉली सुमारे ३७ अंश कलेपर्यंत टिकेल. तो २ मीटरवर गेला की ही मर्यादा सुमारे २०.६ अंशांवर येते. टायर दबतात, माल सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती याहूनही कमी भरते.

वळणावर तर रस्ता सपाट असला तरी ट्रॉली बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर १ मीटर उंचीच्या गुरुत्वमध्याला ताशी ४३ किलोमीटरपर्यंत चालतं, २ मीटरला जेमतेम ३१. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात गाडी हळू घ्यायला सांगतात, तेव्हा हे गणित जरूर आठवावं.

ट्रॉली भरताना माणसं आत उतरून कापूस तुडवतात, ते मला फार मोलाचं वाटतं. ढीग दबतो, गुरुत्वमध्य खाली येतो. मात्र दोन्ही बाजू सारख्या तुडवायला हव्यात. २ मीटर उंचीचा गुरुत्वमध्य एका बाजूला १५ सेंटिमीटर जरी सरकला, तरी त्या बाजूची मर्यादा १७ अंशांच्या आत येते.