परदेशी पाककृती आपल्या स्वयंपाकघरात: मापे, पर्याय आणि मर्यादा

परदेशी पाकपुस्तकातील पानाचे छायाचित्र फोनवर दाखवून त्यातील एखादा जिन्नस मागणारे ग्राहक आमच्या दुकानात नेहमी येतात. पुष्कळदा तो जिन्नस आमच्याकडे असतो, काही वेळा नसतो, आणि काही वेळा तो असूनही विकत घेण्याची गरज नसते, कारण तेच काम करणारा पदार्थ ग्राहकाच्या घरी आधीपासूनच असतो. पर्याय शोधण्यापूर्वी तो जिन्नस त्या पाककृतीत नेमके काय करतो, हे पाहावे. केकमधील लोणी स्निग्धता देते आणि साखरेबरोबर फेसताना हवा धरून ठेवते, आंबट ताक सोड्याला जागे करते, अंडे मिश्रण बांधते. हे काम एकदा समजले की पर्याय बहुधा आपोआप सुचतो, आणि कोठे पर्याय चालणार नाही हेही उमगते.

पुस्तक कोणत्या देशाचे आहे?

हे आधी पाहून घ्यावे, कारण बिघडलेल्या पाककृतींचा दोष अनेकदा जिन्नसाचा नसून मापाचा असतो. अमेरिकी पुस्तकातील कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा आणि जपानमधील २०० मिलिलिटरचा असतो. टेबलस्पून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा धरतात. त्यातही कपाने मोजलेले पीठ दर वेळी सारखे भरत नाही. चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सपाट केलेला अमेरिकी कप सुमारे १२५ ग्रॅम मैदा देतो, पण तोच कप डब्यात खुपसून भरला तर १४० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पीठ येते आणि केक कोरडा होतो. म्हणून महागड्या आयात जिन्नसांवर खर्च करण्याआधी एक साधा डिजिटल वजनकाटा घ्यावा, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो. अमेरिकी कपाला साखर २०० ग्रॅम आणि लोणी २२७ ग्रॅम धरावे. तेथील पाककृतीत लोण्याची एक 'स्टिक' म्हटले असेल तर ती ११३ ग्रॅमची असते. पाककृतीतील लोणी बिनमिठाचे गृहीत धरलेले असते, त्यामुळे आपले नेहमीचे खारे लोणी वापरल्यास वरून मीठ घालू नये.

भट्टीचे ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस, आणि जुन्या ब्रिटिश पुस्तकांतील गॅस मार्क ४ म्हणजेही तेवढेच. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर २० अंश कमी ठेवावे. 'खोलीच्या तापमानाचे लोणी' ही सूचनाही थंड देशांतील खोलीसाठी, म्हणजे साधारण २० अंशांसाठी, लिहिलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा मराठवाड्यात लोणी ओट्यावर ठेवले तर ते पातळ होते आणि फेसताना हवा धरत नाही. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण लोणी चकाकू नये, इतकेच मऊ ते असावे. याच कारणाने आपल्याकडे उन्हाळ्यात पावाचे पीठ पुस्तकातील वेळेपेक्षा बरेच लवकर फुगते. तेव्हा घड्याळाकडे न पाहता पीठ दुप्पट झाले का, हे पाहावे.

दूधदुभत्याचे पर्याय

आपली घरे या बाबतीत खरोखर संपन्न आहेत, आणि ग्राहकांनी या संपन्नतेचा पुरेपूर उपयोग करावा असे आम्हाला मनापासून वाटते. क्रीम चीजच्या जागी चक्का उत्तम चालतो, मात्र तो ताज्या, गोडसर, सायीसकट लावलेल्या दह्याचा असावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये टांगून पूर्ण निथळलेला असावा. क्रीम चीजमध्ये स्निग्धांश जास्त आणि आंबटपणा कमी असल्यामुळे भाजायच्या चीजकेकसाठी पाव किलो चक्क्यात दोन टेबलस्पून घट्ट साय आणि दीड टीस्पून कॉर्नफ्लॉअर मिसळावे, म्हणजे चक्का भट्टीत पाणी सोडत नाही. ग्रीक योगर्ट हवे असेल तर दही दोन-तीन तासच टांगावे, आणि सावर क्रीमसाठी त्यात थोडी साय फेटावी.

अमेरिकी बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा पुष्कळ दाट असते. पाऊण कप दह्यात पाव कप पाणी घालून घुसळले की ते तयार होते. रिकोटा इटलीत चीजच्या उरलेल्या पाण्यापासून करतात. घरी लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचा चोथा वजनाखाली न दाबता फडक्यात अर्धा तास निथळू दिला तर लासान्यासाठी किंवा गोड सारणासाठी तो पुरेसा जवळ जातो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात स्कोनबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या क्लॉटेड क्रीमसाठी तर म्हशीच्या दुधाची जाड साय हाच आमच्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे.

क्रीमच्या बाबतीत मात्र सावध राहावे. खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो, तर अमेरिकी हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के आणि ब्रिटिश डबल क्रीममध्ये सुमारे ४८ टक्के असतो. त्यामुळे फ्रेश क्रीम सूप किंवा सॉसमध्ये शेवटी घालण्यास योग्य, पण फेटून घट्ट होणारे नाही. केकवाले वापरतात ते वनस्पती स्निग्धांशाचे व्हिपिंग क्रीम फुलते खरे, पण ते बहुधा आधीच गोड केलेले असते, म्हणून तिखटमिठाच्या पदार्थात ते घालू नये.

पीठ, साखर, सोडा

ऑल-पर्पज फ्लॉअरच्या जागी मैदा चालतो. मात्र पाणी एकदम न ओतता थोडे राखून ठेवावे. ब्रिटिश सेल्फ-रेझिंग फ्लॉअरसाठी १५० ग्रॅम मैद्यात दोन टीस्पून बेकिंग पावडर नीट चाळून घ्यावी. खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची थेट अदलाबदल करू नये, कारण पावडरीत आम्ल आधीच असते आणि सोड्याला ते पाककृतीतून मिळावे लागते. परदेशी ब्राउन शुगर ओलसर असते व तिच्यात मळीचा अंश असतो. २०० ग्रॅम बारीक साखरेत एक टेबलस्पून काकवी चोळून घेतली की तसाच ओलावा आणि जवळचा स्वाद मिळतो. यासाठी कोल्हापूरकडची गडद काकवी आम्हाला विशेष आवडते.

शाकाहारी ग्राहकांना जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरता येते. एक कप द्रवाला साधारण एक टीस्पून पूड लागते, ती दोन-तीन मिनिटे उकळावीच लागते, आणि ती फ्रीजबाहेरही गोठते. ताज्या अननसाने किंवा पपईने जिलेटिन सैल पडते, तसे चायना ग्रासचे होत नाही. पण तिची वडी जिलेटिनसारखी लवचीक नसून कापली जाणारी असते.

मसाले आणि पाने

अमेरिकी पाककृतीतील 'चिली पावडर' हे निव्वळ तिखट नसते. त्यात जिरे, लसूण आणि ओरेगानो मिसळलेले असते. दोन टेबलस्पून चिली पावडरीच्या जागी आपले तेवढेच लाल तिखट घातले तर पदार्थ तोंडात धरवणार नाही. अर्धा टेबलस्पून काश्मिरी तिखट घेऊन बाकी भाग जिरेपूड, वाळलेला ओरेगानो आणि लसूण पूड यांनी भरावा.

थाई पदार्थांत गवती चहाचा खालचा पांढरट दांडा वाटतात. आपल्याकडे पातीच मिळाली तर ती वाटू नये, तिच्या धाग्यांनी रस्सा खराब होतो. गाठ मारून उकळावी आणि काढून टाकावी. तेथे परतण्यात वापरली जाणारी एक तुळस आपल्याच तुळशीच्या जातीची आहे. तुळस स्वयंपाकात न घालणाऱ्या घरांनी सब्जाच्या रोपाची पाने घ्यावीत, ती थाई बेसिलला जवळची आहेत. पाम शुगरसाठी गोव्याचा माडाचा गूळ वापरावा; तो मिळत असेल तर आयात वडी घेऊच नये. गलांगलच्या जागी आले चालते, पण त्याचा वास वेगळा असतो. म्हणून ते निम्मेच घालून वर किसलेली लिंबाची साल घालावी.

काही ठिकाणी मात्र पर्याय सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही. जुन्या, मुरलेल्या पार्मेझानची चव प्रोसेस्ड चीजमधून येत नाही, आणि केवळ अंड्याच्या पांढऱ्यावर उभा राहणारा केक दह्याने उभा राहत नाही. ज्या पाककृतीचा मुख्य जिन्नसच मिळत नसेल ती सोडून त्याच पुस्तकातील दुसरी निवडावी. नवीन पाककृतीत एका वेळी एक किंवा फार तर दोन पर्याय वापरावेत आणि पहिल्यांदा निम्म्या मापाने करून पाहावे, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळते.

दुकानात येताना जिन्नसाच्या नावाबरोबर पाककृतीचे पूर्ण पान आणावे आणि ओव्हन कोणता आहे, घरात अंडे चालते का, कोणाला दुधाची, गव्हाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे सांगावे. जो जिन्नस आपल्या घरातच निघेल, तो विकत घेऊ नका असे आम्ही स्पष्टपणे सांगू.